कृपा आणि अधिकार : मराठी ख्रिस्ती लेखनातील पापजाणिवेविषयी

१

मराठीतील ख्रिस्ती लेखनाची दखल आपल्या वाङ्मयेतिहासाने घेतलेलीच नाही, असे म्हणता येणार नाही. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण', बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन', रेव्हरंड टिळकांची कविता, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' यांना इतिहासग्रंथांत आणि अभ्यासक्रमांत ठरलेल्या जागा आहेत. परंतु या जागा बहुतेक वेळा त्या लेखनाच्या आशयाला वळसा घालून दिल्या गेल्या आहेत. 'ख्रिस्तपुराणा'ची चर्चा भाषेच्या अंगाने होते, 'यमुनापर्यटना'ची आद्य कादंबरी म्हणून, 'स्मृतिचित्रे'ची तिच्यातील विनोदामुळे आणि नितळ गद्यामुळे. टिळकांच्या अभंगांपाशी आल्यावर 'ख्रिस्ताच्या चरणी बसलेला वारकरी' अशा अर्थाचे एखादे सद्भावपूर्ण विधान केले, की समीक्षेचे काम संपते. हे लेखन ज्या प्रश्नातून निर्माण झाले तो प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. माणूस पापी आहे म्हणजे काय, कृपा कोणावर व का होते, आणि ईश्वरावर सर्वस्वी अवलंबून राहणे म्हणजे जगण्याच्या पातळीवर काय करणे, हा तो प्रश्न.

हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा आहे, समीक्षेचा नव्हे, असा आक्षेप येऊ शकेल. पण धर्मशास्त्रीय कल्पना एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येतात तेव्हा शब्दांच्या जुन्या सवयींशी त्यांना झगडावे लागते. या झगड्याच्या खुणा संहितेत उमटतात, आणि त्या वाचणे हे समीक्षेचेच काम आहे. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत कृपेचा विरोध प्रामुख्याने मानवी कर्तृत्वाशी कल्पिलेला आहे. मराठी ख्रिस्ती लेखनात तो मुख्यतः 'अधिकारा'शी आहे, जन्माने ठरणाऱ्या पात्रतेशी आहे. या फरकामुळे पापाचा अर्थ बदलतो आणि ईश्वरावलंबनाचाही बदलतो. हा मुद्दा येथे मांडावयाचा आहे.

२

आरंभ शब्दांपासून करू. मराठीत पाप 'लागते', पाप 'फेडावे' लागते, पापाचा 'घडा भरतो'. या क्रियापदांवरून असे दिसते, की मराठी भाषेच्या अंतःकरणात पाप ही एक साठणारी आणि मोजता येणारी वस्तू आहे. पुण्य 'गाठीशी' असते, तेही साठवणीचेच. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ही कर्मसिद्धान्ताची परिभाषा लोकभाषेत उतरताना हिशेबाची झाली. नवा करार ज्या ग्रीक भाषेत आहे तीत पापासाठी येणाऱ्या 'हामार्तिआ' या शब्दाच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. पौलाच्या पत्रांत तर पाप हे एखाद्या कृत्यापेक्षा एका सत्तेसारखे, माणूस जिच्या अमलाखाली आहे अशा अवस्थेसारखे येते. तेथे पाप माणसाला लागत नाही, माणूसच पापात असतो. १८११ साली श्रीरामपूरला नवा करार मराठीत छापला गेला. त्या वेळेपासून हे दोन अर्थ 'पाप' या एकाच शब्दात शेजारी नांदत आहेत.

'कृपा' या शब्दाची अडचण निराळी आहे. कृपा राजाची असते, गुरूची असते, वरिष्ठाची असते. जुन्या पत्रांच्या शेवटी 'आपला कृपाभिलाषी' अशी सही होई. म्हणजे या शब्दाला दरबारी उतरंडीचा रंग आहे. 'अनुग्रह' हा दुसरा शब्द गुरूकडून मंत्र घेण्याच्या विधीशी जोडलेला, म्हणून पुन्हा अधिकाराचा प्रश्न उभा करणारा. 'तारण' या शब्दाने तर विलक्षण योग साधला आहे. ख्रिस्ती मराठीत तारण म्हणजे उद्धार. व्यवहाराच्या मराठीत तारण म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत क्षमा मागितली आहे ती 'ऋणां'ची, हे लक्षात घेतले म्हणजे हा योग निव्वळ अपघाती वाटत नाही. आपल्याकडे ऋण ही कल्पना नवी नव्हे. देव, ऋषी आणि पितर यांचे ऋणत्रय प्रसिद्धच आहे. परंतु ते ऋण फेडता येते, ते फेडणे हा सन्मान आहे, आणि ते कोणी कोणत्या मार्गाने फेडावे हे शास्त्राने ठरवून दिले आहे. ख्रिस्ती कल्पनेतील ऋण फेडता येतच नाही. ते सोडलेच जाऊ शकते. हिशेबाची वही पूर्ण होत नाही, मिटली जाते.

संतांनीही ही वही मिटली होती, हे विसरता येणार नाही. आपल्या वाट्याला आलेली कर्जखते तुकोबांनी इंद्रायणीत सोडून दिली, ही परंपरेने जपलेली कथा आर्थिक तितकीच आध्यात्मिक आहे. तेव्हा 'भक्तीत कर्म आणि ख्रिस्ती धर्मात कृपा' अशी ढोबळ विभागणी येथे अभिप्रेत नाही. भेद अन्यत्र आहे. संतवाणीत पतितपण हे नामाने जळून जाते. ल्यूथरच्या मते कृपा लाभलेला माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. एकीकडे मुक्तीचा प्रत्यय, दुसरीकडे क्षमा झालेल्या अपराध्याचे कायमचे भान. मराठी ख्रिस्ती लेखक या दोन प्रत्ययांच्या मध्ये उभा असतो. त्याची भाषा पहिल्या प्रत्ययाने घडलेली असते आणि त्याचा नवा धर्म दुसरा प्रत्यय मागत असतो.

३

हा पेच पहिल्यांदा उभा राहिला तो स्टीफन्सपुढे. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे प्रथम छापले गेले. त्याच्या 'पहिल्या पुराणा'त सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातील कथा आहे, 'दुसऱ्या पुराणा'त ख्रिस्तचरित्र. ही रचना जाणीवपूर्वक आहे. आदिपुरुषाच्या पतनाशिवाय तारणाऱ्याच्या जन्माला अर्थ नाही, म्हणून स्टीफन्स आधी पापाची कथा सांगतो. पुराण या साहित्यप्रकाराला हे मानवतेही. पुराण वंशाची गोष्ट सांगते, आणि मूळ पाप हीदेखील एका वंशाचीच गोष्ट आहे. येथे सबंध मनुष्यजातीला एकच वंश आणि एकच कलंक मिळतो. ज्या समाजात वंशपरत्वे शुद्धाशुद्धता ठरत होती, त्या समाजातील श्रोत्याला ही कथा ऐकताना काय वाटले असेल? सर्वच अशुद्ध असतील तर कोणीच विशेष अशुद्ध उरत नाही. पापाची सार्वत्रिकता ही अशा रीतीने समतेची एक उलटी, काहीशी कडवट वाट ठरते.

परंतु या संहितेबाहेरचा इतिहास वाचकाला स्वस्थ बसू देत नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनची स्थापना झाली होती. ज्या साष्टीत स्टीफन्सने काम केले तेथील देवळे त्यापूर्वीच, १५६७ च्या मोहिमेत, पाडली गेली होती. कृपा ही मागितल्याशिवाय आणि लादल्याशिवाय मिळणारी गोष्ट आहे, हे ज्या ग्रंथाने सांगावयाचे, त्याचा श्रोतृवर्ग राजसत्तेच्या दडपणाखाली जमलेला होता. स्टीफन्सच्या मराठीप्रेमाचे कौतुक करताना हा अंतर्विरोध झाकण्याचे कारण नाही. त्याच्या ओवीतील माधुर्य खरे आहे, आणि त्या माधुर्यामागील सत्ताही खरी आहे. कृपेच्या भाषेला सत्तेचा आधार मिळाला, की ती पुन्हा दरबारी कृपा होण्याचा धोका असतो, याचे हे आपल्याकडील पहिले मोठे उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकातील प्रचारपत्रकांत हा धोका वेगळ्या रूपाने दिसतो. त्यांतील पाप बहुधा द्वितीय पुरुषातले असते. पाप तुमचे, लिहिणाऱ्याने ते मागेच टाकलेले. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'चे (१८५७) महत्त्व या पार्श्वभूमीवर जाणवते. तेथे विधवांच्या दुःखाच्या निमित्ताने पाप हे एका व्यक्तीचे कृत्य न राहता रूढीत मुरलेली स्थिती म्हणून दिसू लागते. कादंबरी म्हणून ती उपदेशाच्या भाराखाली वाकली आहे हे मान्य करूनही, दुःख भोगणारीला तिच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मिळते आहे, हा हिशेब ही कृती नाकारते, याची नोंद करावयास हवी.

४

प्रथमपुरुषी पापजाणीव आपल्याला सर्वांत स्पष्टपणे भेटते ती पंडिता रमाबाईंच्या १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात. अक्षय निधीविषयीची साक्ष, असे त्याच्या शीर्षकाचे मराठी रूप सांगता येईल. भाषा इंग्रजी असली तरी त्यातील अनुभवाची घडण याच भूमीतली आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत, दानधर्म करीत हिंडले आणि दुष्काळात उपासमारीला सामोरे गेले. १८७४ साली रमाबाईंचे आईवडील निवर्तले. पुण्याच्या वहीवर एका कुटुंबाने किती श्रद्धेने जमा केली आणि ती वही कशी कोरी राहिली, याचे हे निवेदन आहे. त्यात तक्रारीचा सूर फारसा नाही, आणि म्हणूनच ते अस्वस्थ करते.

याच निवेदनात दोन तपशील असे येतात, की ज्यांच्यावरून रमाबाईंच्या कृपाविचाराचे मर्म कळते. कलकत्त्यास केशवचंद्र सेन यांनी वेदाध्ययनाविषयी विचारले तेव्हा, स्त्रियांना तो अधिकार नाही, असे उत्तर त्यांनी दिले होते. ज्या स्त्रीला त्याच शहरातील पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिली, तिचे हे उत्तर आहे. दुसरा तपशील असा, की धर्मशास्त्रे, पुराणे आणि लोकमत यांत इतर बाबतींत कितीही मतभेद असले तरी स्त्रिया व शूद्र यांच्या हीनत्वाविषयी आणि मोक्षाच्या अनधिकाराविषयी त्यांचे एकमत आहे, या निष्कर्षाला त्या येऊन पोहोचल्या. कृपेचा प्रश्न रमाबाईंपुढे उभा राहिला तो असा. 'मी चांगली कर्मे करू शकते का?' हा त्यांचा पहिला प्रश्न नव्हता. 'माझ्या कर्मांची नोंद होऊ शकते का?' हा होता.

ऑगस्टीनशी तुलना केली म्हणजे हे नीट दिसते. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहू लागलेल्या आपल्या आत्मनिवेदनात ऑगस्टीन पोरवयात केलेल्या नाशपातींच्या चोरीपाशी दीर्घकाळ थांबतो, कारण त्या चोरीला भूक हे कारण नव्हते. वाईट करण्यातच गोडी होती. त्याचा प्रश्न इच्छाशक्तीच्या विकृतीचा आहे, आणि पुढे पेलेजियसच्या मताशी त्याचा वाद झाला तो माणूस स्वबळावर सन्मार्गाने जाऊ शकतो का, या मुद्द्यावर. सर्व दारे उघडी असलेल्या पुरुषाची ही पापजाणीव आहे. रमाबाईंच्या निवेदनात अशी नाशपातींची चोरी नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना ही जाणीव तीव्र झाली, असे त्या सांगतात. म्हणजे नव्या धर्मातही त्या एक वही घेऊनच वावरत होत्या. व्रते गेली, त्यांच्या जागी सत्कार्ये आली, हिशेब तसाच राहिला. आपण पापी आहोत हे मान्य करणे याचा त्यांच्या लेखी अर्थ पात्रता सिद्ध करण्याचे ओझे खाली ठेवणे, असा झाला. जिला जन्मभर पात्रता सिद्ध करावी लागली, तिच्या दृष्टीने यात दैन्य नव्हते, सुटका होती.

या सुटकेचे परिणाम पाहण्यासारखे आहेत. त्याआधीच, सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच उतरवले असता दुसरे तसेच जोखड मानेवर घेणार नाही, अशी भूमिका रमाबाईंनी घेतली होती. १८९८ मध्ये बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनची दहा वर्षांची हमी संपली. केडगावच्या मुक्तिसदनात पुढे दुष्काळपीडित स्त्रियांची आणि मुलींची संख्या शेकड्यांवरून हजारांवर गेली, आणि प्रपंच चालला तो 'देवावर हवाला' ठेवून. मात्र या हवाल्यात शेती होती, विहिरी होत्या, विणकाम होते, छापखाना होता, आणि बायबलच्या संपूर्ण मराठी भाषांतराचे, १९२२ मधील त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेले, प्रचंड काम होते. ईश्वरावलंबन म्हणजे निष्क्रियता, या समजुतीला याहून समर्पक उत्तर नाही. माणसाच्या मर्जीवर अवलंबून न राहण्यासाठी रमाबाई देवावर अवलंबून राहिल्या.

५

टिळकांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण येथे आपण कवितेत आहोत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला तुकोबांचा पूल ओलांडून आपण ख्रिस्ताकडे आलो असे वाटत होते, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त वारंवार माउली होऊन येतो. यावर एक आक्षेप असा घेता येईल, की पौलाच्या पत्रांतील न्यायालयाचे रूपक येथे विरघळून जाते. तेथे न्यायाधीश, अपराधी आणि निर्दोष ठरवणारा निकाल आहे. मराठी बायबलातील 'नीतिमान ठरणे' हा प्रयोगही निकालाच्या भाषेतला आहे. टिळकांच्या अभंगांत न्यायालयाचे घर होते आणि अपराध्याचे लेकरू. मग पाप हा गुन्हा न राहता केवळ दुरावा उरतो. हे धर्मशास्त्राचे सौम्यीकरण नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. लेकराला आईवर अधिकार सांगावा लागत नाही, हे खरे. पण तो अधिकार त्याला जन्माने मिळालेला असतो. टिळकांनी जन्माने मिळालेले सगळे सोडले होते. धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क १८५० च्या एकविसाव्या कायद्याने राखला गेला होता, परंतु गोत, पंगत आणि सोयरीक यांना तो कायदा लागू नव्हता. म्हणून या अभंगांतील लेकरू हे पौलाच्या दुसऱ्या एका रूपकातील, दत्तकाच्या रूपकातील, लेकरू आहे. जन्माने नव्हे, केवळ स्वीकाराने ते घरात आले आहे. 'माउली' हा वारकरी शब्द टिळकांच्या हाती आल्यावर त्याच्यातला रक्ताचा संबंध गळतो आणि स्वीकाराचा संबंध उरतो. परंपरेचा शब्द तोच राहून त्याची अर्थव्यवस्था बदलणे, ही देशीकरणाची खरी प्रक्रिया असते. पेहराव बदलणे म्हणजे देशीकरण नव्हे.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' या कल्पनेचा आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे प्रवेश होता. नावात 'दरबार' असूनही तेथे मानाची पायरी नसावी, ही आकांक्षा त्यांच्या अभंगांतील कृपाविचाराशी सुसंगतच होती. दोन वर्षांतच ते वारले. प्रयोग अपुरा राहिला.

६

टिळकांचे ईश्वरावलंबन 'स्मृतिचित्रां'त दुसऱ्या बाजूने दिसते. हाती आलेले पैसे आणि घरातल्या वस्तू सहज देऊन टाकणारा, उद्याची चिंता न करणारा हा भक्त घरातील बाईच्या नजरेतून पाहिला, की एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. एकाने देवावर भार टाकला, की तो प्रत्यक्षात कोणाच्या डोक्यावर येतो? लक्ष्मीबाई हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या भाषेत विचारीत नाहीत. त्या प्रसंग सांगतात, हसतात, आणि चूल पेटवायला उठतात. पण अवलंबनाच्या धर्मशास्त्राची इतकी मर्मग्राही समीक्षा मराठीत दुसरी नाही. नवऱ्याची श्रद्धा आणि बायकोचे कष्ट यांत अंतर पडले, तर श्रद्धेलाही उत्तर द्यावे लागते, हे त्या एकही कडवट शब्द न वापरता दाखवून देतात.

त्यांच्या स्वतःच्या धर्मांतरात पापाच्या जाणिवेचा गाजावाजा नाही. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नावर त्या एकट्याच विचार करतात आणि जात माणसाने केली, या उत्तराशी येऊन थांबतात. त्यानंतर सोवळ्याचे एकेक बंधन गळत जाते. येथे पश्चात्तापाची भाषा नाही, पण पश्चात्ताप या शब्दामागील मूळ ग्रीक कल्पना, म्हणजे मन पालटणे, अक्षरशः घडताना दिसते. पुन्हा तेच सूत्र : अधिकारभेद सुटणे आणि कृपा स्वीकारणे या दोन क्रिया नाहीत, एकच आहे.

७

या मांडणीवर दोन गंभीर आक्षेप संभवतात. पहिला असा, की ज्यांना आधीच हीन ठरवले गेले आहे त्यांना 'तुम्ही पापी आहात' असे सांगणे ही जखमेवर जखम नव्हे काय? व्हॅलेरी सेव्हिंग यांनी १९६० साली दाखवून दिले, की गर्व हे मूळ पाप मानणारे धर्मशास्त्र पुरुषांच्या अनुभवावर बेतलेले आहे. स्त्रीचा मोह स्वतःला पुसून टाकण्याचा असतो. तिला नम्रतेचा उपदेश करणे म्हणजे रोग्याला रोगच औषध म्हणून देणे होय. हा आक्षेप मराठी ख्रिस्ती उपदेशपर लेखनाच्या फार मोठ्या भागाला लागू पडतो. रमाबाई आणि लक्ष्मीबाई त्यातून सुटतात, कारण त्यांच्या लेखनात पाप मान्य करणे आणि मान खाली घालणे या भिन्न गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. अधिकाराचा हाच प्रश्न डॉ. आंबेडकरांपुढे होता, आणि १९५६ साली त्यांनी दिलेले उत्तर कृपा पूर्णपणे नाकारणारे होते. बुद्ध हा मोक्षदाता नसून मार्गदाता आहे, हा त्यांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथातील भेद नेमका येथे लागू होतो. जे हक्काचे आहे ते कृपा म्हणून का घ्यावे? चोखोबांवर विठ्ठलाची कृपा असूनही ते पायरीशीच राहिले. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. ख्रिस्ती मंडळ्यांतही जातीची स्मृती पुसली गेली, असे म्हणता येत नाही. कृपेने देवापुढचा अधिकारभेद मिटतो; माणसांमधला आपोआप मिटत नाही.

हा आक्षेप खोडून काढता येईल असे मला वाटत नाही, आणि तो खोडण्याची गरजही नाही. त्याच्यामुळे उलट एक निकष हाती येतो. एखाद्या ख्रिस्ती, अथवा कोणत्याही भक्तिपर, संहितेत कृपेचा उद्गार आला, की तो उद्गार काढल्यानंतर बोलणारा कोणाचा मिंधा राहात नाही, हे पाहावे. तो सर्वांचाच मिंधा होत असेल, धर्मगुरूचा, धन्याचा, घरच्या कर्त्याचा, तर ती दरबारी कृपाच आहे, तिचे नाव काहीही असो. रमाबाईंचे निवेदन, टिळकांचे उत्तरकाळातील अभंग आणि 'स्मृतिचित्रे' या निकषाला उतरतात. 'ख्रिस्तपुराण' अंशतः उतरते, आणि जेथे उतरत नाही तेथे दोष ओवीचा नसून तिच्यामागे उभ्या असलेल्या सत्तेचा आहे. ढीगभर उपदेशपर पुस्तिका मुळीच उतरत नाहीत. या लेखनाचे पुनर्वाचन व्हावयाचे असेल तर ते भाषेच्या नमुन्यांसाठी किंवा समन्वयाच्या गौरवासाठी न होता, या प्रश्नासाठी व्हावे. आपल्याकडील भक्तिवाङ्मयालाही तोच प्रश्न विचारता येईल, आणि तेथेही उत्तरे एकसारखी येणार नाहीत.